दांडा

हनोखकाकांच्या मते आम्ही फ्रेंच.
म्हणजे मूळचे. तीनशे वर्षांपूर्वीचे.
राजा म्हणाला धर्म सोडा, तर यांनी गाव सोडलं,
डचांच्या गलबतातनं वेंगुर्ल्याला उतरले,
घाट चढून पंचगंगेच्या काठाला लागले
आणि कुणा दुब्वाचे झाले दुबळे.

हे त्यांना कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा माणूस.
साखर कारखान्याच्या कॅलेंडरामागं
वंशवृक्ष काढला, इंजिनाच्या ड्रॉइंगसारखा,
नक्की नाही तिथं तुटक रेघ.
तुटक रेघा पुष्कळ होत्या.

पुरावा म्हणून आज्जाचे घारे डोळे.
नामीआत्या म्हणायची, घारी तर आपली मांजर पण आहे.
पुरावा म्हणून एक क्रूस, खाली उलटं कबूतर लोंबणारं,
वापरून गुळगुळीत झालेला,
पिढ्यान् पिढ्या चालत आलेला.
मी भिंग धरलं एकदा, काका झोपल्यावर.
पाठीमागं गोल गोल बारीक चरे,
कडेला चकच्या तीन जबड्यांच्या खुणा.
गनमेटल. आमच्याच गल्लीतलं.
जिथल्या तिथं ठेवून दिला.

शाळेत पोरं त्यांना म्हणायची, जोंधळ्यावर बाटलेले.
हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही,
आत्यानं सांगितलं, भाकरी थापता थापता,
आणि पुढची भाकरी मोडली.

मी दप्तरखान्यात मोडी वाचते.
शोधत नव्हते. दुसऱ्याच कुणाच्या इनामाचं काम होतं.
दुष्काळाच्या साली मिशननं वाटलेल्या धान्याची वही,
वाळवीनं कडा खाल्लेली, आणि त्यात एक ओळ:
भिवादुबळाअडीचपायलीजोंधळे
निशाणी अंगठा.
मोडीत शब्द तोडत नाहीत.
दुबळा हे आडनाव, की कारकुनानं
समोरच्या माणसाकडं बघून मारलेला शेरा,
हे शाईला विचारून कळत नाही.
त्याच गठ्ठ्यात, सात महिन्यांनी, बाप्तिस्मा:
पौलस भिवा दुबळे.

झेरॉक्स घेऊन गेले. द्यावी की नको, ह्यात
दोन रविवार गेले होते.
काकांनी चष्मा पुसला. वाचून दाखव म्हणाले.
परत वाच म्हणाले.
मग बोटांवर काहीतरी मोजलं.
"सात म्हैनं?
अडीच पायली किती दिस पुरत्यात गं, घरात खाणारी सहा असली तर?"
पंधरा दिवस, मी म्हटलं. फार तर वीस.
"मग जोंधळा संपल्यावर आलाय की गडी."
असं म्हणून कितीतरी वेळ
पंख्याकडं बघत बसले.

मला वाटलं, मिटलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन:
"पर ह्यो भिवा दुब्वाचाच नातू बरं का."

गेल्या चैत्रात काका गेले.
कॅनडातनं तीत आला. त्यानं तिकडं
नळीत थुंकी भरून तपासायला दिली होती.
फ्रान्स शून्य. तो म्हणतो, थुंकी कमी पडली.
दगडावर दुब्वाच पाहिजे, बाबांची शेवटची इच्छा.
आत्या म्हणते, दुबळे. रेशनकार्डावर काय आहे ते बघ.
मला विचारलं, तू शिकलेली, तू सांग.
मी वंशवृक्ष उलगडला. वर टोकाला दुब्वा,
मध्ये हातभर तुटक रेघ,
आणि रेघेच्या पोटात, नंतर, वेगळ्या पेनानं,
थरथरत्या अक्षरात: भिवा. सात म्हैनं.

यल्लाप्पा पाथरवट घाईत. दुपारपासून कोरतोय.
हनोख झालं. शमुवेल झालं.
दु झाला. ब चं पोट झालं.
आता छिन्नी हातात धरून उभा आहे,
दांडा देऊ का नको?
दिला तर दुबळे,
न देता पुढं सरकलो तर ते तुमचं दुसरं.
अक्षराचे पैसे दोन्हीकडं तेवढेच, म्हणतो.
तुम्ही ठरवा,
तवर मी चहा पिऊन येतो.